वन्सं पाच वाजता कुठे जातात

३ नोव्हेंबर, सोमवार

आज वन्सं मला संशयी म्हणाल्या. तोंडावर.

निमित्त काहीच नाही. पाच वाजता "जरा चालून येते" म्हणून निघाल्या. मी एवढंच विचारलं, की कुठे, कोणाबरोबर, कोणत्या रस्त्याने, आणि केस पुन्हा का विंचरले. साधे चार प्रश्न. त्या दार धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तू फार संशयी झाली आहेस गं." आणि गेल्या. चारांपैकी एकाचंही उत्तर नाही. आता ह्याला काय म्हणायचं? मी काही म्हटलं नाही. तेवढं भान मला आहे.

मी संशयी नाही. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं म्हणून ह्यांची एक कोरी वही काढली. हे वीज कंपनीत मीटर वाचायचे. वहीत रकाने छापलेले आहेत: तारीख, मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, शेरा. मीटरशी कोणी खेळ केलाय असं वाटलं, तर शेऱ्यात "संशयास्पद" असं लिहायचं असे. तीस वर्षांत ह्यांनी तो शब्द एकदाही लिहिला नाही. म्हणायचे, "अगं, मीटर आपणहूनही बंद पडतो." अशा माणसाची मी बायको. संशय माझ्या अंगी येईल कुठून?

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून ह्या दोन खोल्यांत मी आणि वन्सं. वन्सं म्हणजे ह्यांची बहीण. लग्न केलं नाही. टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली, आता रिटायर आहेत. माझ्याहून वर्षाने मोठ्या, पण मान मी मोठ्या बहिणीइतका देते. कोणीही विचारावं.

संकल्प: हा महिना कोणावरही संशय घ्यायचा नाही. उद्यापासून. आजचा दिवस त्या चार प्रश्नांत गेला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

संशय म्हणजे नक्की काय, ते आधी पाहायला हवं. शब्दकोश काढला. तो लॉन्ड्रीच्या रद्दीतून आणलेला. 'म'पर्यंत आहे. पुढची पानं कोणीतरी फाडून नेली आहेत. कोणी, ते मला माहीत आहे, पण संकल्प आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचन लॉन्ड्रीत झालं. बावीस वर्षं मी तिथे निवडीच्या टेबलावर आहे. येणाऱ्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला न जाणाऱ्या शाईने गिऱ्हाइकाची खूण घालायची, आणि धुऊन आल्यावर खुणेप्रमाणे गठ्ठे लावायचे. गठ्ठ्यांना कागद म्हणून रद्दी येते. अर्धी अर्धी पानं. ती मी वाचते. गोष्टीचा शेवट नेहमी दुसऱ्या अर्ध्यावर असतो, आणि ते अर्धं कोणाच्या तरी शर्टाबरोबर घरी गेलेलं असतं. मग शेवट मीच लावते. बहुतेक बरोबर लागतो. तपासून पाहायला मिळालेलं नाही.

शब्दकोशात नाही तर नाही, म्हणून इस्त्रीवाल्याला विचारलं, की संशय म्हणजे काय रे? तो मान वर न करता म्हणाला, "मावशी, संशय म्हणजे तुम्ही." सगळं टेबल हसलं. मीही हसले. मग त्याला सांगितलं, की आज तू दोनदा बायकोला फोन केलास, काही भांडण आहे का घरात? त्यावर तो हसला नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

विचार करून शब्द पक्के केले. शंका येते, संशय घेतात. येणं आपल्या हातात नसतं, घेणं असतं. मला आजवर जे झालं ते आलेलं आहे. मी घेतलेलं काहीच नाही. मोठं ओझं उतरलं.

आता शंका नव्हे, नुसती वस्तुस्थिती. मी साडेचारला घरी येते. पाचला वन्सं निघतात. सहाला परत. सकाळपासून त्या घरात एकट्या असतात, तेव्हा कुठेही जात नाहीत. शेजारच्या आजींकडून खात्री करून घेतली. म्हणजे सकाळी जाऊन उपयोग नसणार. म्हणजे तो पाचला मोकळा होत असणार.

"तो" हे पेनातून आलं. मी लिहिलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

तासभर चालणाऱ्या बाईच्या चपलांना धूळ लागते. वन्सांच्या चपला दाराशी होत्या. झाडताना सहज उलट्या झाल्या. स्वच्छ.

संध्याकाळी त्यांच्या एक्सचेंजमधल्या मैत्रिणीचा फोन आला. मी तेव्हा फोनच्या स्टुलाची धूळ पुसत होते. ती म्हणत होती, "माझ्याकडे एक खोली रिकामीच आहे, ये ना राहायला, हवे तितके दिवस." वन्सं म्हणाल्या, "बघू गं. हिला एकटीला टाकून कशी येऊ?" मग माझ्याकडे बघून गप्प झाल्या. स्टूल पुसून झालं होतं, पण मी पाय पुसायला घेतले. स्टुलाचे.

मैत्रिणीची खोली हे निमित्त. खरं कारण पाचचं.

मला एकटीला राहायची भीती नाही. पण एका माणसाचा भात कुकरमध्ये नीट होत नाही. तळाला चिकटतो. एवढीच अडचण.

९ नोव्हेंबर, रविवार

लॉन्ड्री बंद. वन्सांना सोबत व्हावी म्हणून दिवसभर त्यांच्या समोर बसायचं ठरवलं. मटार सोलत बसले. त्या पेपर वाचत होत्या. कोणती बातमी वाचता, विचारलं. हसलात का, विचारलं. फोनवर कोणाचा मेसेज आला, तेही विचारलं. घरात बोलणं हवं.

दहाला त्या चालायला निघाल्या. साडेअकराला परत. दुपारी चारला पुन्हा निघाल्या!

रविवारी दोनदा. म्हणजे त्याला रविवारी पूर्ण सुट्टी. नोकरदार किंवा दुकानदार. गोष्ट जुळत चालली आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मी पाठलाग केलेला नाही. पांढरा दोरा संपला होता आणि दोऱ्याचं दुकान त्याच दिशेला आहे. त्याच दिशेला असेल असं मला वाटलं. वन्सं पुढे, मी मागे, शंभर पावलांवर. पाठलाग म्हणजे पन्नास.

औषधांच्या दुकानाशी दुकानदाराने हाक मारली, "काय मावशी, गुडघा कसा आहे?" गुडघा कसा आहे ते सांगून होईपर्यंत वन्सं दिसेनाशा झाल्या. हा दुकानदार पूर्वी कधी गुडघ्याची चौकशी करत नसे. आजच का? संकल्प असल्यामुळे पुढे विचार केला नाही.

दोरा आणला नाही. घरात दोन रिळं आहेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वन्सांची कापडी पिशवी मळली होती. (आता मळलेली नाही. मी धुतली.) धुण्याआधी रिकामी करावी लागते, हे कोणीही मान्य करील. आत चष्मा, रुमाल, खोकल्याच्या गोळ्या, आणि एक मफलर. करडा. पुरुषाचा.

मी खाली बसले.

मग उठले, आणि मफलरचं टोक उलटं केलं. धंद्याची सवय. शाईत एक त्रिकोण, आत चौदा. आपल्या लॉन्ड्रीत त्रिकोण घालत नाहीत. त्रिकोण पुलापलीकडच्या लॉन्ड्रीचा.

लोक खोटं बोलतात, खूण बोलत नाही. बावीस वर्षांत एक शर्ट चुकीच्या घरी गेलेला नाही. मफलर होता तसा घडी करून ठेवला. घडी अर्थात त्यांच्यापेक्षा चांगली झाली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अर्धा दिवस सुट्टी घेतली. पुलापलीकडच्या लॉन्ड्रीत माझ्यासारखीच एक बाई टेबलावर आहे. एका धंद्यातल्या बाईला दुसरीने नाही म्हणायचं नसतं. तिने वही उघडली. त्रिकोण चौदा म्हणजे घड्याळजी. बाजाराच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करतात. विधुर. घड्याळातल्या बारीक चाकांवर काम करायला दिवसाचा उजेड लागतो, म्हणून दुकान पाचला बंद करतात, रविवारी उघडतच नाहीत.

पाचला! रविवारी पूर्ण सुट्टी!

आयुष्यात पहिल्यांदा गोष्टीचं दुसरं अर्धं पान हाती लागलं. माझा शेवट बरोबर निघाला. कोणाला सांगताही येत नाही.

रात्रीचा स्वयंपाक करताना वन्सांकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "कुठे काय." तोंडावर काही दिसू दिलं नसणार, कारण त्यांनी तीनदाच विचारलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस विचार केला. वन्सांचं वय साठ. त्यांनी सुखी व्हावं. मी आड येणार नाही. पण ह्यांच्या माघारी त्यांच्या बाजूने माणूस पारखून घ्यायला मीच आहे. हे असते तर घड्याळजींना एकदा भेटून म्हणाले असते, "छान आहे माणूस." हे सगळ्यांनाच म्हणायचे.

म्हणून घड्याळजींना घरी चहाला बोलवायचं. मंगळवारी, बरोबर पाच वाजता. ह्यात एक डाव आहे. तो इथे आला, की वन्सं तिकडे वाट बघणार. वाट बघून कंटाळून लवकर घरी येणार. आणि दोघं समोरासमोर. मग कोण संशयी ते कळेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गजराचं घड्याळ घेऊन दुकानावर गेले. सडपातळ, स्वच्छ कॉलर, डोळ्याला भिंग. घड्याळ हातात घेऊन म्हणाले, "बाई, हे चालू आहे." मी म्हटलं, "असू दे. तुमच्याशी घरगुती बोलायचं आहे, उद्या पाचला चहाला या." त्यांनी भिंग काढलं आणि माझ्याकडे नुसत्या डोळ्याने पाहिलं. येतो म्हणाले. घड्याळ तिथेच राहिलं.

माणूस मुरलेला आहे. चेहऱ्यावर काहीसुद्धा नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं क्रमाने लिहिते.

पाचला वन्सं गेल्या. पाच वाजून दोन मिनिटांनी घड्याळजी आले. इस्त्रीचा शर्ट, तेल लावलेले केस. मी बिस्किटं ठेवली आणि सरळ विचारायला सुरुवात केली. घरी कोण असतं? मुलगी, जवळच राहते. साखर, बीपी? साखर थोडी. दात स्वतःचे? वरचे. घोरता का? त्यांनी विचार केला, आणि म्हणाले, आठ वर्षांत सांगायला कोणी नाही. मला जरा वाईट वाटलं, पण परीक्षा म्हणजे परीक्षा. मी म्हटलं, "हे बघा, ह्या वयात लपवाछपवी नको. मनात काय आहे ते स्पष्ट सांगा." त्यांनी कप खाली ठेवला. रुमालाने कपाळ पुसलं. म्हणाले, "बाई, तुम्ही फार मोकळ्या आहात. मला दोन दिवस द्या."

एवढ्यात दार वाजलं. साडेपाच. वन्सं! मी मनात म्हटलं, वाट बघून आल्या.

मी म्हटलं, "या वन्सं, तुमचंच चाललंय." वन्सांनी घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजींनी वन्सांकडे पाहिलं. दोघांनी एकमेकांना असं पाहिलं, जसं आपण दुसऱ्याच मजल्यावर चुकून थांबलेल्या लिफ्टमधल्या माणसाला पाहतो. मी त्यांच्या पिशवीतून मफलर काढला आणि टेबलावर ठेवला. म्हटलं, "आणि हे?"

घड्याळजींनी तो उलटा करून खूण पाहिली. म्हणाले, "अरे, हा माझाच. म्हणजे होता. वाचनालयातल्या बाईंना खोकला झाला होता, दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांना दिला." वन्सं हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांनीच मला दिला. खिडकीजवळ गार लागतं म्हणून."

खूण कापडावर असते. गळ्यावर नसते. बावीस वर्षं ह्या धंद्यात, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

घड्याळजी चहा अर्धा टाकून गेले. मी वन्सांना विचारलं, मग लवकर कशा आलात? वाचनालयातले लाईट गेले. तिथे काय करता? बसते. वाचता? नाही. मग कोणाबरोबर बसता? हेसुद्धा मी विचारलं. लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

वन्सं ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. म्हणाल्या, "कोणाबरोबर नाही. तू साडेचारला येतेस. आलीस की विचारायला लागतेस. तू वाईट नाहीस गं. पण एक तास मला कोणी काही विचारू नये असं वाटतं. म्हणून जाते. पेपर समोर धरते आणि बसते. बस, एवढंच आहे. आता हेही तू त्या वहीत लिही."

वहीचं त्यांना कसं कळलं?

१९ नोव्हेंबर, बुधवार

वन्सं मैत्रिणीकडे राहायला गेल्या. एक बॅग. मी फक्त एकच प्रश्न विचारला, "किती दिवस?" म्हणाल्या, "बघू."

कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून गेल्या. जो माणूस परत येणार असतो, तो किल्ली ठेवून जातो की घेऊन? ह्यावर सकाळपासून विचार चालू आहे. दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

लॉन्ड्रीत, सकाळी अकरा वाजता, भर गर्दीत, घड्याळजी आले. टेबलासमोर उभे राहिले. दोन्ही हात जोडले. म्हणाले, "बाई, दोन दिवस नीट विचार केला. मुलीशीही बोललो. तुम्ही भल्या आहात. पण पुन्हा संसार मांडायचं माझं मन नाही. राग मानू नका." आणि माझं गजराचं घड्याळ परत दिलं. म्हणाले, मिनिटभर पुढे जात होतं, ते ठीक केलंय.

मला तोंड उघडायला मिळालं नाही. ते गेलेसुद्धा.

मी कधी न घातलेल्या मागणीला मला नकार मिळाला आहे. लॉन्ड्रीतल्या वाफेचा आवाजसुद्धा थांबला होता. मग इस्त्रीवाला म्हणाला, "मावशी, आम्हाला जरासुद्धा संशय आला नाही हं!" दिवसभर जो तो माझ्याकडे बघत होता. पदर नीट केला तरी बघत. चहा प्यायला उठले तरी बघत. मी कोणाला काही समजावून सांगायला गेले, की ते "हो हो, आम्ही कुठे काय म्हणतो" म्हणत. हे "आम्ही कुठे काय म्हणतो" फार वाईट. हे ऐकून खरं बोलणाऱ्या माणसालाही आपण खोटं बोलतोय असं वाटायला लागतं.

वन्सांना मी रोज तेच म्हणायचे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दिवसभर घरात कोणावरही संशय घेतला नाही. संकल्प पूर्ण पाळला. घरात कोणी नव्हतं.

भात चिकटला.

लिहिणार नव्हते, पण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही (वन्सं सोडून). त्या दिवशी हे दुपारी लवकर घरी आले. म्हणाले, "जरा दमलोय, पडतो." मी चादरींच्या घड्या घालत होते. मी म्हटलं, "बरं." काय होतंय, विचारलं नाही. कुठे दुखतं, विचारलं नाही. ह्यांनी म्हटलं आणि मी मानलं. चादरी सात होत्या. सातवी ठेवून आत गेले तेव्हा उशीर झाला होता.

डॉक्टर म्हणाले, विचारूनही फरक पडला नसता. मी त्यांना विचारलं, हे तुम्हाला नक्की कसं माहीत?

"जरा" हा शब्द मला तेव्हापासून सोसत नाही. जरा दमलोय. जरा पडतो. वन्सं रोज पाचला दारात उभ्या राहून म्हणायच्या, जरा चालून येते.

हे त्यांना सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं नाही. त्यांना विचारायची सवय नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

वाचनालयात गेले. पाहायला नाही, बसायला. खिडकीजवळच्या खुर्चीत, म्हणजे त्यांच्याच. समोर पेपर धरला. तासभर कोणाला काही विचारायचं नाही, कोणी आपल्याला विचारणार नाही. सोपं आहे.

बारा मिनिटं झाली. समोरचा माणूस एकाच पानावर दोनदा हसला. मी पाच मिनिटं दम धरला. मग हळूच विचारलं, "काय आहे हो त्यात?" टेबलावरच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. ह्याच त्या खोकल्याच्या बाई.

पुढची अठ्ठावीस मिनिटं बसले. पेपरचं पान उलटलं नाही. उलटायची गरज वाटली नाही. खिडकीतून एक भिंत दिसते, तिच्यावर दुपारचं ऊन सरकतं. ते सरकताना पाहिलं. एकदा ह्यांची आठवण आली. कोणी पाहिलं नाही, म्हणून डोळे पुसायचीही घाई नव्हती.

आता कळलं वन्सं तिथे का जातात. माझ्या अंदाजापेक्षा हे कितीतरी साधं होतं. मला साधं सुचत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वन्सांना फोन केला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं, म्हणजे मध्ये प्रश्न येणार नाही. वाचून दाखवलं: एक, माझं चुकलं. दोन, पाच ते सहा आता तुम्ही बाहेर जायचं नाही, मी जाईन. घर एक तास तुमचं. तीन, ह्यांची "जरा दमलोय"वाली दुपार. ती वाचताना कागद नीट दिसेना, म्हणून न वाचता सांगितली.

फोन कट झाला की काय, असं वाटलं. विचारणार होते, पण विचारलं नाही. मग वन्सं म्हणाल्या, "तू? तासभर? बाहेर बसणार? कुठे बसशील?" मी म्हटलं, "सांगणार नाही." त्या हसल्या. खूप दिवसांनी. मग नाक शिंकरलं, आणि म्हणाल्या, "दादा होताच तसा. आईलासुद्धा कधी कळू दिलं नाही त्याने काही."

येते की नाही ते बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही. जिभेवर होतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

वन्सं आल्या. बॅग तीच. अटी दोन: पिशवीला हात लावायचा नाही, आणि दारात अडवून प्रश्न विचारायचे नाहीत. मी म्हटलं, स्वयंपाकघरात विचारले तर चालतील का? म्हणाल्या, "दिवसाला एक." एक खूप झाला. हुशारीने वापरला तर एका प्रश्नात पुष्कळ बसतं.

कपाटाची किल्ली त्यांनी उचलून परत आपल्या कमरेला लावली. मी पाहत नव्हते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं

आज पहिला दिवस. पाचला मी निघाले. वन्सं खुर्चीत बसून म्हणाल्या, "सावकाश ये." त्या शब्दात काही आहे का, ह्याचा विचार जिन्यातच सोडून दिला.

वाचनालयात पूर्ण तास बसले. कोणाशी बोलले नाही. टेबलावरच्या बाईंनी मान हलवून शाबासकी दिली असं वाटलं. निघताना ठरवलं, की घरात शिरल्यावर इकडेतिकडे बघायचं नाही. चप्पल काढायची, हात धुवायचे, आणि आजचा प्रश्न न वापरता दिवस संपवायचा. वन्सांना दाखवून द्यायचं.

चप्पल काढली. हात धुवायला आत गेले. ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले.

दोन.

मी हात धुतले. पुन्हा धुतले. बाहेर येऊन बसले. वन्सं पेपर वाचत होत्या, अगदी आरामात. पाचला मी गेले, तेव्हा ओटा रिकामा होता. एका तासात कोणीतरी आलं, चहा प्यालं, गेलं. घड्याळजी? ते नाही म्हणून गेलेत, पण ते मला नाही म्हणाले आहेत. वन्सांना नाही. मला नकार देऊन आठवडाच तर झालाय!

नऊ मिनिटं गप्प बसले. घड्याळ लावून बसले, म्हणून माहीत आहे. ते आता मिनिटभरही पुढे जात नाही.

मग आजचा एक प्रश्न वापरला. विचारलं, "वन्सं, दुसरा कप कोणाचा?"

त्यांनी पेपर खाली केला. म्हणाल्या, "तुझा. साडेपाचला सवयीने दोघींचा टाकला. कप भरले, मग लक्षात आलं तू नाहीस. थांबले थोडं. मग गार व्हायला लागला, म्हणून मीच प्यायले दोन्ही." आणि पुन्हा पेपर वर केला.

बोलायला प्रश्न शिल्लक नव्हता.

विचारायला नको होतं, हे मान्य आहे. अर्ध्या तासाच्या आत संकल्प मोडला. पण विचारलं नसतं, तर त्या थांबल्या होत्या हे मला कळलं नसतं.

उद्या सहाऐवजी सव्वासहाला यावं म्हणते. बघू, कप किती निघतात.